खोळंबणे, अडकणे, रखडणे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पावसाळा लागला की घाटात दरडी कोसळतात, लोकल बंद पडतात आणि पाठोपाठ हे प्रश्न येऊ लागतात. विचारणारे बातम्या लिहिणारे असतात, भाषांतर करणारे असतात, परदेशातून घरी मराठीत निरोप धाडणारेही असतात. वाटेत थांबावे लागलेल्या माणसासाठी मराठीत शब्द भरपूर आहेत, तरी लिहायला बसले की प्रत्येक ठिकाणी 'अडकला' हाच येतो. खालचे प्रत्येक उत्तर सुटे वाचले तरी चालेल. एकच मुद्दा पुन्हा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. 'खोळंबणे' म्हणजे नेमके काय?

पुढे जायचे आहे, पण काहीतरी आड आल्यामुळे थांबून राहावे लागणे. "रेल्वेचे फाटक बंद होते, अर्धा तास खोळंबलो" हे त्याचे सरळ उदाहरण. खोळंबणाऱ्याचे पुढे काहीतरी ठरलेले असते आणि वाट मोकळी झाली की तो लगेच निघू शकतो. सुट्टीच्या दुपारी घरी लोळत पडलेला माणूस खोळंबलेला नसतो. त्याला सहाची गाडी पकडायची असेल आणि रिक्षा मिळत नसेल, तर मात्र तो खोळंबला.

२. मग 'अडकणे' आणि 'खोळंबणे' यांत फरक काय?

मार्च २०२१ मधली सुएझ कालव्याची घटना घ्या. 'एव्हर गिव्हन' हे सुमारे ४०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज २३ मार्चला कालव्यात आडवे झाले, त्याचे टोक काठात घुसले आणि ते २९ मार्चला मोकळे झाले. तोवर दोन्ही बाजूंना तीनशेहून अधिक जहाजे थांबून होती. एव्हर गिव्हन अडकले आणि मागची जहाजे खोळंबली. मागच्या जहाजांत काहीच बिघाड नव्हता. पुढचे हलले की ती निघणार होती.

अडकणाऱ्याला त्या जागेने धरलेले असते, म्हणून त्याला सोडवावे लागते. खोळंबणाऱ्याचा वेळ जातो, त्याला फक्त वाट करून द्यावी लागते. लिहिताना एवढेच विचारावे: सुटका कुणाची करायची आहे? ज्याची करायची तो अडकला, बाकीचे खोळंबले.

कधी एकाच घटनेत दोन्ही शब्द लागतात. २७ जुलै २०१९ रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्याने वेढली गेली आणि आतल्या प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. ते प्रवासी अडकले होते. त्याच मार्गावरच्या इतर गाड्यांचे प्रवासी स्थानकांत कोरडे उभे होते, ते खोळंबले होते. दोघांना एकाच वाक्यात 'अडकले' म्हटले की पाण्यात कोण होते आणि फलाटावर कोण, ते वाचणाऱ्याला कळत नाही.

३. 'रखडणे' कधी वापरायचे?

चाललेली गोष्ट कशीबशी, ओढत-ओढत चालते किंवा मधेच लांबणीवर पडते, तेव्हा. पूल रखडतो, निकाल रखडतो, भरती रखडते. माणूसही रखडतो: "गाडी प्रत्येक स्टेशनात थांबत होती, रखडत-रखडत पोचलो." यावरून आलेले 'रखडपट्टी' हे नाम तर फारच बोलके आहे. 'प्रवाशांची रखडपट्टी' म्हटले की थांबणे, पुन्हा निघणे, पुन्हा थांबणे असा सगळा त्रास त्यात येतो. 'खोळंबा' एका जागी होतो, रखडपट्टी वाटभर पुरते.

सरकारी कामात हे शब्द जपून वापरावेत, कारण दोष कुणाचा ते शब्दातूनच ठरते. "फाइल रखडली" म्हटले तर दोष कुणाचाच नाही, कारभारच संथ. "फाइल अडकली" म्हटले तर ती कुठल्या तरी टेबलावर आहे, शोधली तर सापडेल. "फाइल अडवली" म्हणजे कुणीतरी मुद्दाम धरून ठेवली. तिसरे वाक्य लिहिताना हातात पुरावा असलेला बरा.

४. 'अडकला' आणि 'अडकून पडला' यांत काही फरक आहे की नुसता लिहिण्याचा ऐसपैसपणा?

फरक आहे. इथले 'पडणे' हताशपणा आणि लांबलेला काळ सुचवते. लिफ्टमध्ये पाच मिनिटे माणूस अडकतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या रात्री मुंबईत लोक कचेऱ्यांत, शाळांत, बसगाड्यांत अडकून पडले. तिथे नुसते 'अडकले' तोकडे वाटते.

'अडकून राहणे' यात हताशपणा कमी असतो, काही वेळा माणसाची थोडी मर्जीही असते: "गावच्या कामात अडकून राहिलो." ज्याला आपण अडकलो हे जरा सौम्यपणे सांगायचे असते, तो म्हणतो, "पुरामुळे तिथेच मुक्काम पडला." इथेही 'पडला'च हवा. 'मुक्काम ठोकला' म्हटले की पाहुणा स्वखुशीने राहिला आणि यजमान वैतागला, असा अर्थ होतो.

५. ताटकळणे आणि तिष्ठणे हे खोळंबण्याचेच प्रकार का?

जवळचे आहेत, पण या दोहोंत वाट पाहणे मुख्य असते. ताटकळण्यात पाय दुखतात. बसायला जागा नसते, रांग हलत नसते, म्हणून रेशनच्या दुकानापुढे किंवा बसथांब्यावर माणूस ताटकळतो. आरामखुर्चीत बसून कुणी ताटकळत नाही.

तिष्ठत राहणाऱ्याला कुणीतरी मोठ्याने, अधिकाऱ्याने किंवा लाडक्याने थांबवलेले असते. साहेबांच्या दाराशी लोक तिष्ठतात. पुंडलिकाने वीट फेकली आणि विठोबा तिच्यावर तिष्ठत उभा राहिला, तिथेही हाच शब्द शोभतो. विठोबा खोळंबला म्हटले तर त्याला पुढे कुठेतरी निघायचे होते असे वाटेल, आणि वारकरी ते ऐकून घेणार नाहीत.

६. 'खोळंबा' हे नाम कसे वापरायचे? होतो, करतो, की घालतो?

'खोळंबा' पुल्लिंगी आहे. खोळंबा *होतो* हे सर्वांत नेहमीचे: "प्रवाशांचा खोळंबा झाला." ज्याच्यामुळे होतो तो खोळंबा *करतो*: "तुम्ही आमचा खोळंबा केलात." ज्याचा वेळ गेला त्याला षष्ठी लागते, एवढे लक्षात ठेवले की पुरे. "प्रवाशांना खोळंबा झाला" हे कानाला खटकते.

क्रियापद अकर्मक आहे. मुद्दाम थांबवले असेल तर 'खोळंबून ठेवले' किंवा 'खोळंबवले'. बोलण्यात पहिले जास्त ऐकू येते.

७. माणूस सोडून कामे, पैसे, पाऊस यांनाही खोळंबता येते का?

कामे तर नेहमीच खोळंबतात. "पाऊस नाही म्हणून पेरण्या खोळंबल्या" हे वाक्य जून संपत आला की दर वर्षी छापून येते, आणि ते अचूक आहे: जमीन तयार, बियाणे घरात, फक्त पाऊस हवा. तिथे 'पेरण्या अडकल्या' कुणीही म्हणणार नाही. खुद्द मान्सूनसाठी मात्र 'रखडला' किंवा 'रेंगाळला' म्हणतात, कारण त्याची वाटचाल मंदावलेली असते.

घरात पंगत खोळंबते, जेवणे खोळंबतात. "पाने वाढून झाली, सगळे तुझ्यासाठी खोळंबलेत" हे ऐकल्यावर आंघोळीचा तांब्याही अर्धाच ओतला जातो.

पैसे मात्र खोळंबत नाहीत. बुडीत निघालेल्या संस्थेत ठेव अडकते, कंत्राटदाराचे बिल रखडते. देणाऱ्याची नियत ठीक आहे आणि फक्त उशीर होतो आहे, तेव्हा 'रखडले'. मिळतील की नाही याचीच धास्ती असेल, तर 'अडकले'.

८. "गाडी चिखलात फसली" बरोबर की चूक?

विदर्भात आणि मराठवाड्यात बोलताना हे सर्रास ऐकू येते, त्याला चूक म्हणायचे कारण नाही. लिहिताना मात्र जपावे. 'फसणे' म्हटले की बहुतेक वाचकांच्या मनात आधी फसवणूक येते, नाहीतर 'बेत फसला'. उत्तरकाशीजवळच्या सिलक्यारा बोगद्यात १२ नोव्हेंबर २०२३ रोजी ४१ कामगार मलब्यामागे अडकले आणि २८ नोव्हेंबरला सुखरूप बाहेर आले. 'बोगद्यात कामगार फसले' असा मथळा दिला तर कुणीतरी त्यांना गंडवले असे वाटते. हिंदी वाहिन्यांवरची पट्टी जशीच्या तशी उचलली की असे होते.

चाकासाठी, पायासाठी 'रुतणे' हा स्वच्छ शब्द आहे. कर्णाच्या रथाचे चाक रुतले होते. ते फसले किंवा अडकले असे कुठल्याही कीर्तनकाराने सांगितल्याचे ऐकिवात नाही. बोगद्यातल्या माणसांसाठी 'अडकले', गाळातल्या चाकासाठी 'रुतले'.

९. जहाज किंवा देवमासा किनाऱ्यावर येऊन पडला तर काय म्हणावे?

इथे एक खड्डा आहे. 'किनाऱ्याला लागणे' याचा मराठीतला अर्थ सुखरूप पोचणे. म्हणून वादळात सापडलेले जहाज 'किनाऱ्याला लागले' असे लिहिले की वाचणारा सुटकेचा श्वास टाकतो. जून २०२० मध्ये निसर्ग चक्रीवादळात 'बसरा स्टार' हे जहाज भरकटून रत्नागिरीच्या मिऱ्या किनाऱ्यावर आले आणि पुढे वर्षानुवर्षे तिथेच राहिले. ते 'किनाऱ्यावर फेकले गेले' किंवा 'येऊन आदळले', आणि मग 'अडकून पडले'. वाळूत बसले असेल तर 'रुतले', खडकावर असेल तर 'खडकावर चढले'.

देवमासा मेलेला असेल तर तो 'वाहून आला'. जिवंत असेल तर तो 'वाहून आला' असे लिहू नये, कारण त्या शब्दांनी वाचक तो मेला असे समजतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर व्हेलचे पिल्लू आले होते. त्याला समुद्रात परत नेण्यासाठी बरीच धडपड झाली, तरी ते वाचले नाही. ती धडपड चालू असतानाच्या बातमीत 'किनाऱ्यावर अडकलेले पिल्लू' हेच योग्य.

१०. टाळेबंदीतले मजूर 'अडकलेले' होते की 'खोळंबलेले'?

अडकून पडलेले. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. रेल्वे बंद, एसटी बंद, जिल्ह्यांच्या हद्दी बंद. पुढची वाट कधी मोकळी होईल हे कुणालाच सांगता येत नव्हते, आणि खोळंब्यात ती निदान अपेक्षा तरी असते. केंद्रीय गृह मंत्रालयाने २९ एप्रिलला ठिकठिकाणी अडकलेले मजूर, यात्रेकरू, पर्यटक आणि विद्यार्थी यांना घरी जाऊ देण्याचा आदेश काढला. १ मे रोजी पहिल्या श्रमिक गाड्या सुटल्या, त्यांत नाशिकहून भोपाळला गेलेली गाडीही होती. राजस्थानातल्या कोटा शहरात शिकायला गेलेल्या महाराष्ट्रातल्या मुलांना आणायला धुळ्याहून एसटीच्या गाड्या गेल्या.

'खोळंबा' या शब्दाला गैरसोयीचा वास आहे. हातातले काम गेलेल्या, खोलीचे भाडे थकलेल्या माणसाच्या पाच आठवड्यांना गैरसोय म्हणणे बरे नव्हे.

एक बारकावा मात्र राहून जातो. जे रस्त्याने चालत गावाकडे निघाले, त्यांना 'अडकलेले मजूर' म्हणणे चुकीचे होते. ते न अडकण्यासाठीच निघाले होते. पुढे जिल्ह्याच्या सीमेवर त्यांना रोखले, तिथे ते अडकले.

११. सुनीता विल्यम्स अवकाशात 'अडकल्या' होत्या का?

मराठी मथळ्यांनी तसे म्हटले खरे. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर ५ जून २०२४ ला बोइंगच्या स्टारलायनर यानातून निघाले, मोहीम साधारण आठ दिवसांची होती. यानात दोष दिसले, ते सप्टेंबरमध्ये माणसांविना परत आणले आणि हे दोघे मार्च २०२५ मध्ये स्पेसएक्सच्या ड्रॅगन यानातून परतले. आपण अडकलेलो नाही, असे त्यांनी मुलाखतींत स्वतः सांगितले होते. ते आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या नेहमीच्या कामात होते आणि आणीबाणी आलीच तर परतण्याची सोयही होती.

प्रश्न २ मधली कसोटी लावली तर सोडवायला कुणी धावावे अशी ही स्थिती नव्हती. 'खोळंबल्या'ही जमत नाही, कारण त्या रिकाम्या बसल्या नव्हत्या. 'मुक्काम लांबला' किंवा 'परतीचा प्रवास रखडला' यातून जे घडले तेच सांगितले जाते. मथळ्यात ते तितके थरारक वाटत नाही, हे कबूल.

१२. विमान रद्द झाले, कंपनीचे कुणी फिरकले नाही, आम्ही रात्रभर विमानतळावर. याला एका शब्दात काय म्हणू?

एक शब्द हवाच असेल तर 'अडकून पडलो'. पण तुमचा राग त्यात येत नाही. ज्याने सांभाळायचे त्यानेच अंग काढून घेतले तर मराठीत 'वाऱ्यावर सोडले' म्हणतात: "कंपनीने प्रवाशांना वाऱ्यावर सोडले."

'तोंडघशी पाडले' वेगळे. त्यात आधी कुणीतरी भरवसा दिलेला असतो आणि त्या भरवशावर तुम्ही चारचौघांत पुढे झालेले असता. मित्राने गाडी आणतो म्हणून सांगितले, तुम्ही सासरच्या मंडळींना तयार ठेवलेत आणि तो उगवलाच नाही, तर त्याने तुम्हाला तोंडघशी पाडले. सासरची मंडळी नुसती खोळंबली.

१३. 'अडणे' आणि 'अडकणे' एकच का?

नाही. अडकण्याला जागा लागते, अडण्याला गरज. 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' या म्हणीतला हरी कुठे कोंडलेला नाही, त्याचे काम अडले आहे. 'अडल्या-नडल्याला मदत करणे' हेही तसेच. "तुझ्यावाचून काही अडत नाही" हे भांडणातले वाक्य 'अडकत नाही' म्हटले तर साफ कोसळते. प्रसूतीत अडचण आलेल्या बाईलाही 'अडलेली' म्हणतात. तिथे 'अडकलेली' कधीच येत नाही.

१४. आजी म्हणते, "माझी खोटी झाली." ती काय खोटे बोलली?

काहीच नाही. 'खोटी' हे स्त्रीलिंगी नाम आहे, अर्थ खोळंबा. 'कामाची खोटी', 'उगाच खोटी करू नका' असे जुन्या पिढीच्या तोंडी सहज येते. गुजरातीतही 'खोटी' याच अर्थाने चालतो. शहरी मराठीत तो मागे पडला, कारण ऐकणाऱ्याला आधी 'खोटा' आठवतो. लिहायचा असेल तर 'वेळेची' किंवा 'कामाची' असे काहीतरी जोडून लिहा, म्हणजे गैरसमज होणार नाही.

१५. वाहतूक 'ठप्प', 'विस्कळीत', 'कोंडी' यांपैकी काय लिहू?

पूर्ण थांबली तर ठप्प. चालू आहे पण वेळापत्रक कोलमडले तर विस्कळीत. गाड्यांची दाटी झाली तर कोंडी. हे तिन्ही शब्द वाहतुकीचे आहेत, माणसांचे काय झाले ते त्यांतून कळत नाही, ते वेगळे सांगावे लागते. 'लोकल वीस मिनिटे उशिराने' हे मुंबईकराच्या हिशेबात यांपैकी कशातच मोडत नाही.

१६. 'इकडे आड तिकडे विहीर' म्हणजे अडकणेच ना?

नाही, तो पेच आहे: दोन वाटा आहेत आणि दोन्ही वाईट. दोन्हीकडचे तुटून मधे लोंबकळणाऱ्यासाठी 'त्रिशंकू' किंवा 'अधांतरी' आहे. जुनी नोकरी सोडली आणि नवीचे पत्र आले नाही, तो अधांतरी. आणि सगळे जुळून आलेले असताना नेमके कुठे थांबले ते विचारायचे असेल तर "घोडे कुठे पेंड खाते आहे?" याला तोड नाही.

१७. मी कुणासाठी आपणहून थांबलो, तर 'खोळंबलो' म्हणता येईल?

येईल, आणि इथेच 'अडकणे' पूर्ण मागे पडते. "तुम्ही याल म्हणून खोळंबलो, नाहीतर चारलाच निघणार होतो." जबरदस्ती कुणी केली नाही, पण स्वतःचे काम बाजूला ठेवले. अशा वाक्यात थोडा मोठेपणा आणि थोडा टोमणा दोन्ही असतात. वडीलधाऱ्यांशी बोलताना ते टाळलेले बरे. उलट बाजूने हाच शब्द नम्र होतो: "माझ्यासाठी खोळंबू नका, तुम्ही जेवून घ्या." इथे 'थांबू नका' म्हटले तरी चालते, पण आपल्यामुळे दुसऱ्याचे काम थांबेल याची जाणीव 'खोळंबू नका' मध्ये अधिक आहे.

१८. उशीर होतोय हे कळवताना निरोपात काय लिहू?

पाण्यात, बंद गाडीत किंवा हलता न येणाऱ्या गर्दीत असाल तर "अडकलोय" लिहा आणि जागाही लिहा, कारण वाचणारा मदतीचा विचार करू लागतो. फाटकावर, सिग्नलला किंवा कुणाची वाट पाहत असाल तर "खोळंबलोय, वाट मोकळी झाली की निघतो." गाडी थांबत-थांबत चालली असेल तर "रखडतोय" लिहिले की पोचण्याची वेळ कुणी विचारत नाही. आणि अजून घरातून निघालाच नसाल, तर "ट्रॅफिकमध्ये अडकलोय" लिहू नका. मागे प्रेशर कुकरची शिट्टी ऐकू येते.